नेइग्वान : मळमळ थांबवणारा मनगटावरचा ‘आतला नाका’

घाटाची वळणं सुरू झाली की काहींना गाडी लागते. तोंडाला पाणी सुटतं, कपाळाला गार घाम येतो, पोटात ढवळायला लागतं आणि मग खिडकी नाहीतर पिशवी. आवळासुपारी, लिंबू, आल्याचा तुकडा, ड्रायव्हरजवळची पुढची जागा हे उपाय घरोघरी माहीत आहेत. औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन आणखी एक वस्तू मिळते. मनगटावर चढवायचा विणलेला लवचीक पट्टा, आणि त्याच्या आतल्या बाजूला शर्टाच्या गुंडीएवढं प्लास्टिकचं फुगीर बटण. पट्टा मनगटात घालायचा असतो एवढं बघूनच कळतं. पण बटण नेमकं कुठे टेकायला हवं हे कळलं नाही, तर पट्टा घालूनही उलटी व्हायची ती होतेच, आणि पट्टा बदनाम होतो.

बटण टेकायची ती जागा म्हणजे चिनी वैद्यकातल्या अ‍ॅक्युपंक्चरचा, म्हणजे ठरलेल्या जागी सुई टोचून उपचार करण्याच्या पद्धतीचा, नेइग्वान बिंदू. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याला पीसी-६ म्हणतात, म्हणजे पेरिकार्डियम (हृदयावरण) या, चिनी वैद्यकाने शरीरात मानलेल्या मार्गावरचा सहावा बिंदू. जुन्या संशोधनात हाच ‘पी-६’ या नावाने सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ बिंदूंच्या जागा प्रमाणित करून छापल्या, त्यात त्याची जागा दिलेली आहे. मळमळ आणि उलटी या तक्रारींसाठी सर्वांत जास्त तपासला गेलेला बिंदू हाच. म्हणून चिनी बिंदूंपैकी एकच शिकायचा असेल तर तो हा असावा. तो पोशाख न काढता सापडतो, स्वतःचा स्वतःला दाबता येतो आणि नीट दाबला तर अपाय जवळजवळ होत नाही.

जागा शोधणं

डावा हात तळवा वर करून मांडीवर किंवा टेबलावर सैल ठेवा. तळहाताच्या पायथ्याशी मनगटावर आडव्या रेषा दिसतील. कुणाला दोन, कुणाला तीन. त्यांपैकी तळहाताला सर्वांत जवळची रेष आपली. इथेच पहिली चूक होते. वरची, म्हणजे कोपराकडची रेष धरून मोजलं की बिंदू एक-दीड सेंटिमीटर पुढे सरकतो.

आता उजव्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवून मनगटावर आडवी ठेवा. अनामिकेची कड त्या रेषेला टेकली पाहिजे. तर्जनीची वरची कड जिथे येते ती बिंदूची पातळी. चिनी वैद्यकात हे अंतर दोन ‘त्सुन’ सांगितलं आहे. त्सुन म्हणजे ठरलेले सेंटिमीटर नव्हेत. तो ज्याचा त्याच्या शरीराचा अंश असतो. कोपराच्या घडीपासून मनगटाच्या रेषेपर्यंतच्या अंतराचे बारा भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे एक त्सुन. हे अंतर २४ सेंटिमीटर असेल तर एक त्सुन २ सेंटिमीटरचा, आणि नेइग्वान रेषेपासून ४ सेंटिमीटरवर. लहान मुलाचं तेच अंतर १५ सेंटिमीटर असेल तर बिंदू अवघ्या अडीच सेंटिमीटरवर येतो. म्हणून मुलाच्या हातावर आईने आपली तीन बोटं ठेवून मोजलं तर जागा हमखास चुकते. मोजायला मुलाचीच बोटं घ्यायची. अंगठ्याच्या सांध्याजवळची रुंदी म्हणजेही साधारण एक त्सुन, त्यामुळे ज्याचा हात त्याचाच अंगठा दोनदा ठेवूनही पातळी ताडून पाहता येते. तीन बोटांचं माप किंचित जास्त भरतं. घाईत ते चालतं, पण पट्ट्याचं बटण बसवताना बाराव्या भागाचा हिशेब जास्त खात्रीचा.

पातळी मिळाली. आता त्या पातळीवर हाताच्या रुंदीत नेमकं कुठे? अंगठा आणि करंगळी यांची टोकं एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोन ताठ दोऱ्या वर येतील. बोलताना आपण त्यांना शिरा म्हणतो, पण त्या रक्तवाहिन्या नाहीत. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आहेत. मधली पातळ दोरी पाल्मारिस लाँगस या स्नायूची, तिच्या अंगठ्याकडची जाड दोरी फ्लेक्सर कार्पाय रेडियालिसची. नेइग्वान या दोन दोऱ्यांमधल्या खाचेत आहे. खाच सापडली की हात पुन्हा सैल सोडायचा. दोऱ्या ताणलेल्या असताना दाबलं तर दाब कंडरेवर पडतो, खाली पोहोचत नाही. बिंदू ‘लागत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

काही जणांना मधली पातळ दोरी दिसतच नाही. त्यांनी चिंता करू नये. पाल्मारिस लाँगस हा स्नायू सगळ्यांना नसतो. पाठ्यपुस्तकांत साधारण १५ टक्के लोकांना तो नसतो असा आकडा दिलेला असतो, आणि समाजागणिक तो बराच बदलतो. एका हातात आहे आणि दुसऱ्यात नाही, असंही आढळतं. अशा हातावर अंगठ्याकडची जाड दोरी शोधायची आणि तिला लागून करंगळीच्या बाजूला उतरायचं. बोटाखाली ठोके जाणवले तर आपण अंगठ्याकडे फार सरकलो आहोत. ती नाडी बघायची जागा, नेइग्वानची नव्हे.

बरोबर जागी दाब पडला की लागतं ते दुखणं वेगळं असतं. टोचल्यासारखं नाही, जड, बोथट, आतून दाटल्यासारखं. कधी ते तळहाताकडे, कधी कोपराकडे पसरतं. याच्या अगदी खाली मीडियन नर्व्ह हा हाताचा मुख्य मज्जातंतू धावतो. अंगठा आणि पुढच्या बोटांची संवेदना तोच वाहून आणतो, आणि कार्पल टनेलच्या (मनगटातल्या अरुंद बोगद्याच्या) त्रासात चेपतो तोही हाच. म्हणून दाबताना मधल्या बोटापर्यंत विजेसारखी चमक गेली तर तिथेच जोर लावत राहू नका. अंगठा एक-दोन मिलिमीटर सरकवा आणि दाब कमी करा. झिणझिण्या आल्या म्हणजे बिंदू ‘चांगला लागला’ असा समज आहे. तो चुकीचा आहे.

दाबायचं कसं

अंगठ्याचं पेर वापरायचं, नख नाही. बिंदूवर अंगठा, हाताच्या मागच्या बाजूला आधाराला चार बोटं, अशी पकड. दाब किती हे कळायला एक सोपी खूण आहे: दाबणाऱ्या अंगठ्याचं नख पांढरट व्हावं, इतका. मग जागेवरून न हलवता छोटी छोटी वर्तुळं फिरवा किंवा चार-पाच सेकंद दाबून सोडा, पुन्हा दाबा. एका हातावर दोन ते तीन मिनिटं, मग दुसऱ्या हातावर. श्वास रोखून धरायचा नाही. उलटीची भावना आली की माणूस नकळत श्वास धरतो आणि त्याने ती वाढते. मळमळ ओसरली तरी पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा एक फेरी द्यावी, कारण दाब सोडल्यावर परिणाम हळूहळू उतरतो. पट्ट्याचा खरा फायदा हाच की तो तासन्‌तास हलका दाब देत राहतो आणि हात मोकळे राहतात.

पट्टा गाडीत बसायच्या अर्धा तास आधी चढवायचा, दोन्ही मनगटांवर. बटण आतल्या बाजूला, खाचेवर, बिंदूच्या पातळीवर. घड्याळासारखा मनगटाच्या रेषेवरच पट्टा बांधतात, ते चूक. तो तिथून बराच वर, कोपराच्या दिशेने यायला हवा. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम शिरावं एवढाच तो आवळ असावा. बटणाचा गोल ठसा उमटला तर काळजी नाही. पण बोटं निळसर दिसली, सुजली किंवा सुन्न झाली तर पट्टा लगेच काढायचा. पावसाळ्यात ओला झालेला, पुन्हा पुन्हा धुतलेला पट्टा सैल पडतो. दिसायला तो ठीक असतो, पण बटण नुसतं टेकलेलं राहतं, दाबत नाही. लहान मुलाच्या मनगटाला मोठ्यांचा पट्टा बसत नाही, तेव्हा वाटाण्याचा सुका दाणा बिंदूवर ठेवून त्यावर कागदी सर्जिकल टेप लावता येते. दर तासाला वीस-तीस सेकंद वरून बोटाने दाबायचं, प्रवास संपला की काढून टाकायचं. अगदी लहान मुलाला हे करू नये. दाणा सुटला तर तोंडात जातो.

वेळेचं महत्त्व मात्र सगळ्यांत जास्त. तोंडाला पाणी सुटण्याआधी सुरुवात झाली तर उपयोग होण्याची शक्यता चांगली. ओकारी सुरू झाल्यावर बिंदू शोधायला बसलं तर फार आशा धरू नये.

मनगटाचा पोटाशी काय संबंध?

चिनी भाषेत ‘नेइ’ म्हणजे आत. ‘ग्वान’ म्हणजे दाराचा अडसर, त्यावरून खिंडीतला किंवा सीमेवरचा नाका. थोडक्यात, आतला नाका. हाताच्या मागच्या बाजूला, बरोबर याच पातळीवर, दोन हाडांच्या मध्ये ‘वाइग्वान’ म्हणजे बाहेरचा नाका आहे. नावातच त्या वैद्यकाची विचारपद्धत दिसते. शरीरात ‘ची’ ही चेतना ठरलेल्या मार्गांनी फिरते, मार्गात काही ठिकाणी ती अडते, आणि अशा ठिकाणी नाका उघडला की वाट मोकळी होते. ‘ची’ला आपण सहज वायू किंवा प्राण म्हणून मोकळे होतो. पण चिनी वैद्यकात तिचे प्रकार, तिची कामं आणि तिच्या दिशा वेगळ्या सांगितल्या आहेत. त्या आपल्या शब्दांत कोंबल्या की गोंधळच वाढतो. मर्मांचंही तसंच. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं आहेत आणि मनगटावर मणिबंध हे त्यातलं एक. पण तिथे मर्म म्हणजे जिथे इजा झाली तर धोका, अशी जागा. नेइग्वान हा उपचारासाठी टोचायचा बिंदू आहे. शेजार असला तरी दोन्ही एक नव्हेत.

या बिंदूचा उल्लेख हुआंगदी नेइजिंग या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या ग्रंथाच्या लिंगशू भागात, दहाव्या प्रकरणात येतो. मनगटापासून दोन त्सुनवर, दोन कंडरांच्या मधून बाहेर येणारा, असं त्याचं वर्णन आहे. आजही जागा तशीच सांगतात. त्याच प्रकरणात हृदयावरणाचा मार्ग दिला आहे. तो छातीत सुरू होतो, हृदयावरणात जातो, तिथून श्वासपटल भेदून खाली उतरतो आणि ‘सानजिआओ’च्या तिन्ही भागांना जोडतो. सानजिआओ म्हणजे शब्दशः तीन शेगड्या: छातीची, पोटाची आणि ओटीपोटाची. मार्गाची दुसरी शाखा छातीच्या कडेने काखेत, तिथून दंडाच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या मध्यरेषेने मधल्या बोटाच्या टोकापर्यंत येते. मनगटावरच्या बिंदूने पोट शांत व्हावं याचं चिनी उत्तर हे असं आहे: तोच मार्ग छातीतून खाली पोटाच्या शेगडीपर्यंत गेलेला आहे.

उलटीची त्यांची व्याख्याही लक्षात ठेवण्यासारखी आहे. जठराच्या ‘ची’ने खाली उतरायचं असतं, कारण खाल्लेलं खाली न्यायचं असतं. ती उलटी फिरली, वर चढली, की मळमळ, ओकारी, ढेकर, उचकी. या चारही तक्रारी चिनी वैद्य एकाच घरातल्या मानतो आणि चारहींसाठी नेइग्वान वापरतो. हृदयावरणाचा बिंदू असल्याने छातीत दडपण, धडधड, जीव घाबरा होणं, झोप न लागणं यांसाठीही तो येतो. हृदय हा राजा आणि हृदयावरण त्याचा अंगरक्षक. बाहेरून आलेला घाव आधी अंगरक्षक झेलतो, अशी त्यांची कल्पना आहे. परीक्षेआधी किंवा मंचावर जाण्याआधी पोटात गोळा येतो आणि छातीही धडधडते, तेव्हा दोन्ही तक्रारींना एकच बिंदू का दिला असेल, हे या कल्पनेतून समजतं.

याशिवाय नेइग्वान ‘लुओ’ बिंदू आहे, म्हणजे आपल्या मार्गाला जोडीदार मार्गाशी, इथे सानजिआओच्या मार्गाशी, जोडणारा. शिवाय आठ विशेष मार्गांपैकी ‘यिनवेइ’ या मार्गाचा तो प्रवेशबिंदू मानला जातो. तिथे त्याची जोडी पायाच्या आतल्या कडेवरच्या गोंगसुन या बिंदूशी लागते. जठर, हृदय, छाती या तिन्हींच्या तक्रारींना गोंगसुन आणि नेइग्वान, हे सूत्र चिनी विद्यार्थ्याला पद्यात पाठ असतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘या रोगाला हा बिंदू’ अशा तक्त्यांमुळे ती हरवली आहे. चिनी वैद्य एकटा नेइग्वान क्वचितच टोचतो. उलटी कशामुळे, हे तो आधी ठरवतो. अति जेवण होऊन आंबट ढेकर येत असतील तर नेइग्वानबरोबर बेंबी आणि छातीच्या हाडाचं टोक यांच्या मधोमध असलेला झोंगवान. राग, ताण, कोंडलेलं मन आणि त्यातून मळमळ असेल तर पायाच्या अंगठ्याजवळचा ताइचोंग. पचन दुबळं, गार पडलेलं, पाण्यासारखी उलटी असेल तर गुडघ्याखालचा झूसानली, आणि त्यावर मोक्साचा शेक, म्हणजे दवण्याच्या जातीच्या वनस्पतीची वाळवलेली लव पेटवून दिलेली ऊब. कफ दाटून चक्कर आणि मळमळ असेल तर नडगीच्या बाहेरचा फेंगलोंग. नेइग्वान या सगळ्यांत कायम असतो, सोबती बदलतात.

सुई लावली जाते तेव्हा

सुई केसासारखी बारीक असते. मनगटासाठी साधारण ०.२५ मिलिमीटर जाड आणि २५ मिलिमीटर लांब, निर्जंतुक, एकदाच वापरायची. ती सरळ आत, अर्धा ते एक त्सुन खोल लावतात. बारीक हाताच्या माणसाला त्याहूनही उथळ. खोलवर ‘दची’ यावी लागते, म्हणजे जडपणाची, दाटल्याची जाणीव. ती आली की सुई वीस ते तीस मिनिटं तशीच ठेवतात. या बिंदूवर सुईवाल्याचं कौशल्य मीडियन नर्व्हला जपण्यात आहे. सुई आत जाताना बोटांत विजेचा झटका बसला तर रुग्णाने गप्प न राहता लगेच सांगावं, आणि सुई किंचित मागे घेऊन दिशा बदलली गेली पाहिजे. झटका बसल्यावरही सुई तिथेच फिरवत राहणं धोक्याचं आहे. त्याने मज्जातंतूला इजा होऊन बोटं आठवडेच्या आठवडे बधिर राहू शकतात. थोडा रक्ताचा डाग किंवा निळं पडणं साधं आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावं. विजेच्या यंत्राला सुया जोडणार असतील आणि रुग्णाला पेसमेकर असेल, तर स्पष्ट नकार द्यावा.

तपासणीत काय टिकलं

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८०च्या दशकात या बिंदूवर प्रयोगांची मालिका केली. १९८६ मध्ये छोट्या स्त्रीरोग शस्त्रक्रियांनंतरच्या उलटीवरचे त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि पुढे केमोथेरपीच्या रुग्णांवरही त्यांनी काम केलं. त्यांच्या कामातला सर्वांत बोलका धागा १९९१चा: बिंदूच्या जागी आधी बधिर करणारं इंजेक्शन दिलं तर उलटी रोखणारा परिणाम नाहीसा होतो. म्हणजे त्या जागेतून मज्जातंतूमार्फत काहीतरी संदेश वर जात असला पाहिजे. मीडियन नर्व्हमधून तो मेंदूच्या देठापर्यंत जात असावा, जिथे उलटीचं नियंत्रण आहे, असा आज बहुतेकांचा अंदाज आहे.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीच्या मळमळ-उलटीवर अ‍ॅक्युपंक्चर परिणामकारक असल्याचा निर्वाळा दिला. २०१५ मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेने ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण एकत्र धरून याच बिंदूचा आढावा घेतला. शस्त्रक्रियेनंतर, खोट्या उपचाराशी (म्हणजे दिसायला तसाच, पण बिंदूवर खरा परिणाम न करणारा) तुलना करता, मळमळीचा धोका साधारण एक तृतीयांशाने आणि उलटीचा साधारण ४० टक्क्यांनी कमी दिसला. उलटी थांबवणाऱ्या औषधांशी तुलना केली तर फारसा फरक सापडला नाही. त्याच आढाव्यात, खोट्या उपचाराशी केलेल्या तुलनेतल्या पुराव्याचा दर्जा कमी असल्याचंही लिहिलेलं आहे, आणि ते सोडून फक्त पहिलं वाक्य पुढे पाठवणं बरोबर नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीसाठी भूलतज्ज्ञांनी २०२० मध्ये जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली, त्यांत या बिंदूला औषधांच्या सोबतीला जागा मिळाली आहे. त्यामुळे शस्त्रक्रिया ठरली असेल आणि पूर्वी भुलीनंतर फार उलट्या झालेल्या असतील, तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारून पट्टा घालायला हरकत नाही. हातात सलाइनची सुई आणि रक्तदाबाचा पट्टा कुठे येणार हे मात्र त्यांनाच ठरवू द्यावं.

गाडी लागण्याबाबत निकाल संमिश्र आहेत. आतून पट्टे रंगवलेल्या फिरत्या पिंपात बसवून केलेल्या प्रयोगांत कुठे बिंदू दाबल्याने मळमळ कमी झाली, तर कुठे मनगटाच्या पट्ट्यांनी काहीच केलं नाही. गरोदरपणातल्या सकाळच्या मळमळीचंही असंच आहे. बऱ्याच बायकांना आराम वाटतो, पण चाचण्या एकमताने तसं म्हणत नाहीत. तरी गरोदर बाईला हा बिंदू दाबता येतो. गरोदरपणात टाळायचे म्हणून चिनी वैद्यकात सांगितलेले बिंदू वेगळे आहेत: अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातला हगू, घोट्यावरचा सानयिनजिआओ, खांद्यावरचा जिआनजिंग. नेइग्वान त्यांत नाही. मात्र पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बिंदू दाबत घरी बसायचं नाही. सलाइन लागू शकतं.

हृदयाचा बिंदू, म्हणून होणारी मोठी चूक

लिंगशूमध्ये हृदयाच्या वेदनेसाठी नेइग्वान सांगितला आहे. त्यावरून ‘हार्ट अटॅक आल्यावर मनगटावरचा हा बिंदू दाबा’ असे संदेश फिरतात. असं करू नका, आणि असा संदेश पुढे पाठवू नका. छातीत दडपण, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, त्यासोबत मळमळ, असं झालं तर पहिलं काम १०८ला फोन. मधुमेही आणि वयस्कर माणसांत कधी छातीत कळ येतही नाही, फक्त मळमळ, घाम आणि गळून जाणं एवढंच दिसतं. ते ‘पित्त’ समजून मनगट दाबत बसलं की मोलाची वेळ जाते. हा बिंदू दाबल्याने रक्तवाहिनीतली गाठ विरघळत नाही. डोक्याला मार लागल्यावरची उलटी, रक्ताची उलटी, पोट फुगून ताठ झालं असताना होणारी उलटी, यांतही या बिंदूचं काही काम नाही. लहान मुलाला जुलाब-उलट्या होत असतील तर आधी ओआरएस, चमच्या-चमच्याने.

काही हातांवर जोराने दाबणं टाळावं. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला केला आहे तो, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सूज येणारा, जखम किंवा इसब असलेला. कार्पल टनेलचा त्रास असेल तर पट्टा टाळलेला बरा, कारण बिंदू त्या बोगद्याच्या तोंडाशीच आहे. दुसरा हात मोकळा असेल तर तोच वापरावा.

आपल्याकडे सुई लावून घ्यायची असेल तर

भारतातल्या अ‍ॅक्युपंक्चरचा एक धागा महाराष्ट्राला लागून जातो. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. त्याच पथकातले विजयकुमार बसू मायदेशी परतले, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. कोटणिसांच्या नावाने पुढे देशात अ‍ॅक्युपंक्चरची केंद्रं निघाली ती या नात्याने. कोटणीस स्वतः शल्यचिकित्सक होते. त्यांनी सुया टोचल्या असं मात्र समजू नये.

महाराष्ट्राने या पद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा केला, आणि त्यानुसार अ‍ॅक्युपंक्चर परिषद व नोंदणीची सोय झाली. त्यामुळे इथे सुई लावून घेण्याआधी नोंदणी आहे का, हे थेट विचारता येतं. खुर्चीत बसल्यावर दोन गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडलं जातंय का, आणि वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात जातेय का. मग हात सैल सोडावा, अंगठा-करंगळी जुळवून वर आलेल्या दोन दोऱ्या आपणही एकदा पाहून घ्याव्यात, आणि सुई टेकली की बोटांत चमक येते की जडपणा, हे जसंच्या तसं सांगावं.